भट्टीसमोर हुडहुडी

बेकरीच्या मागच्या खोलीत कुणाला थंडी वाजत नाही. वाजायची सोयच नाही. एका भिंतीला विटांची भट्टी, तिच्या पोटात सकाळपासून बर्नर गुरगुरत असतो, डोक्यावर पत्रा. खिडकी एकच, तीही पोत्यांच्या मागे दडलेली. माणूस आत आला की पाचव्या मिनिटाला शर्टाची वरची बटणं उघडतो आणि दहाव्या मिनिटाला कुणावर तरी चिडतो.

म्हणून त्या दुपारी बाबा स्वेटर घालून मैद्याच्या पोत्यावर बसलेले दिसले, तेव्हा ठिणगीला आधी हसू आलं. मग ते हसू तिथंच अडकलं. बाबांचे गुडघे हलत होते. बसल्या बसल्या चाळा म्हणून लोक पाय हलवतात, तसे नाही. आपोआप. मांडीवर ठेवलेला हातही त्यांच्याबरोबर हलत होता.

ठिणगी म्हणजे बाबांची मुलगी. नाव वेगळं होतं, पण ते फक्त कागदोपत्री. नाकावर राग घेऊनच जन्माला आली, असं आत्या म्हणायची. कणीक मळणं, ट्रे भरणं, व्हॅन चालवून दुकानादुकानांत माल टाकणं, सगळं तिच्याकडे. भट्टी मात्र बाबांकडे. बाबांना मानेत गाठी निघाल्या, त्यांचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, केमो सुरू झाली, केस गेले, भुवया गेल्या, तरी भट्टी बाबांकडेच. "मी काही काम करत नाही, नुसता बसतो," म्हणायचे आणि बसल्या बसल्या सगळ्यांना कामाला लावायचे.

"बाबा, थंडी वाजतेय?"

"कुणाला? मला? भट्टीसमोर? डोकं फिरलंय का तुझं?"

"मग स्वेटर कशाला?"

"विकत घेतलाय म्हणून. चोरून आणलेला नाही."

ठिणगीनं काउंटरवरच्या आत्याला हाक मारली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गल्ला आणि गिऱ्हाईक तिच्याकडे, आणि बाबांना दम द्यायचा हक्कही तिचाच. ती हात पुसत आत आली, तळवा बाबांच्या कपाळावर ठेवला आणि म्हणाली, "गार आहे की! फरशीसारखा गार. उगाच माणसाला घाबरवतेस."

आता या घरात हाताला फार मान. भट्टीला कधीकाळी तापमानाचं मीटर होतं, ते बिघडलं आणि कुणाचं काही अडलं नाही. बाबा दार उघडायचे, कोपरापर्यंत हात आत घालायचे, डोळे बारीक करायचे आणि सांगायचे, "अजून थोडं." किंवा, "आता टाक." एकदाही चुकले नाहीत. ठिणगी लहानपणी आजारी पडायची तेव्हाही तोच हात कपाळावर. ताप आहे किंवा नाही, विषय संपला.

ठिणगीनंही हात लावला. खरंच गार लागलं. तिला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात तिचं लक्ष स्वतःच्या तळव्याकडे गेलं. लालबुंद. आत्ताच तिनं फडक्यात धरून तापलेले ट्रे ओढले होते. आत्यानंही नुकतेच गरम पाव पिशव्यांत भरले होते. या हातांना माणसाचं कपाळ गारच लागणार. शंभर काय, एकशे चार असला तरी गारच. भट्टीपुढे सगळं जगच गार.

ती मागच्या जिन्यानं घरात गेली आणि थर्मामीटर घेऊन आली.

"आलं हिचं खेळणं," बाबा म्हणाले.

"आ करा."

"बायकोनं कधी असं दरडावलं नाही मला."

"म्हणून बिघडलात. आ करा."

मशीननं पी-पी केलं. नव्याण्णव पॉइंट एक.

"बघ!" आत्या म्हणाली. "माझा हात काय खोटं बोलतो?"

बाबा विजयी हसले. हसता हसता दात वाजले, ते त्यांनी ओठ मिटून लपवलं. "मशीनपण माझ्याच बाजूनं. जा, पुढची कणीक बघ. मीठ घातलंस का?"

"घातलं."

"बरं." थोडा दम घेतला. "मीठ घातलंस का?"

ठिणगीनं वळून बघितलं. आत्यानंही बघितलं, पण ती लगेच काउंटरकडे निघाली, गिऱ्हाईक उभं होतं. ठिणगी निघाली नाही. बाबांच्या बोलण्यात दोन शब्दांनंतर एक श्वास पडत होता. जिना चढून आलेल्या माणसासारखा. आणि ते तर मघापासून पोत्यावरून उठले नव्हते.

ती खाली वाकली आणि तिनं सरळ त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घातला. स्वेटरच्या आत, जिथं पूर्वी पेन्सिल असायची, तिथं गोळ्यांचं पाकीट. चार खड्डे रिकामे.

"हे काय?"

"डोकेदुखीची गोळी आहे. विष नाही."

"कधी घेतल्या?"

"सकाळी दोन. जेवल्यावर दोन. डोकं धरलं होतं माझं."

"ताप बघून घेतल्यात?"

बाबा भट्टीकडे बघायला लागले.

केमोच्या वॉर्डात एक जाड आवाजाची सिस्टर होती. दर वेळी सुई लावताना तेच तेच सांगायची, इतकं की ठिणगीला तिची नक्कल पाठ झाली होती. औषध दिल्यावर दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी अगदी तळाला जातात. तेव्हा साधा जंतूही माणसाला आडवा करतो. शंभर पॉइंट चारच्या वर ताप गेला तर फोन. हुडहुडी भरली तर ताप नसला तरी फोन. आणि ताप बघितल्याशिवाय तापाची गोळी खायची नाही, गोळी ताप झाकते, जंतूला हातही लावत नाही. बाबा प्रत्येक वेळी मान डोलवायचे. बाहेर आल्यावर म्हणायचे, "बाई फार बोलते."

हा दुसराच आठवडा होता.

ठिणगीनं फोन लावला. सिस्टरच होती.

"मशीन नव्याण्णव दाखवतंय, पण गोळ्या खाल्ल्यात. चार. आणि थरथरतायत."

"मशीनचं राहू दे. पेशंट काय म्हणतोय?"

"काही झालं नाही म्हणतोय."

"आणि तू काय म्हणतेस?"

"तेच वाक्य दोनदा बोलले. धाप लागल्यासारखं करतायत. मला काही ठीक वाटत नाही."

"मग निघा. आत्ता. कपडे, डबा काही शोधत बसू नका. केमोचं कार्ड घ्या आणि या. इमर्जन्सीच्या दारात पाय टाकल्या टाकल्या पहिलं वाक्य केमोचं बोलायचं. बाकी सगळं नंतर. मी आत कळवते. तासाभराच्या आत औषध आत जायला हवं, कळलं?"

"कळलं."

"आणि त्यांचं ऐकू नकोस."

ठिणगी मागे वळली. "बाबा, उठा. निघायचंय."

"पाव आत आहेत."

"आत्या काढेल."

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं त्यांना रस्त्यावर कपडे काढायला सांगितलंय. या बेकरीचा एकच कायदा होता, तो बाबांच्याही बाबांपासूनचा: ज्यानं भट्टी लावली, त्यानं आतली खेप बाहेर काढल्याशिवाय जागा सोडायची नाही. ठिणगीच्या जन्माच्या दिवशीसुद्धा बाबा पाव काढून मग दवाखान्यात गेले होते. आई होती तोवर तिनं ते कधी माफ केलं नाही, आणि बाबांनी ते कधी लपवलंही नाही.

"अर्धा तास," बाबा म्हणाले. "हॉस्टेलची ऑर्डर आहे. दोनशे पोरं... उपाशी... बसतील."

"सिस्टर म्हणाली, आत्ता."

"सिस्टरला पाव... भाजता येतो?"

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. "अर्ध्या तासानं काय होतंय गं? गोळी घेतलीय ना त्यानं. मग निवांत जाऊ की, तुझ्याच व्हॅननं."

ठिणगीला भांडायचं होतं. भांडण तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, सगळं, आईपासून सुरू करून. पण भांडायलाही अर्धा तास लागला असता. तिनं भट्टीचं दार उघडलं, लांब दांड्याची लाकडी फळी आत घातली आणि पहिला ट्रे ओढला.

"ए! काय करतेस? कच्चे आहेत!"

दुसरा ट्रे. तिसरा. फुगून वर आलेले, वरून नुसते पिवळट झालेले पाव बाहेरच्या हवेत आले आणि एक एक करून बसले. मधोमध खड्डा पडून, बाजूनं सुरकुत्या पडून. फुस्स असा बारीक आवाजही येत होता. आत्यानं तोंडावर हात ठेवला. ठिणगीनं शेवटचा ट्रे टेबलावर आपटला आणि बर्नरची चावी फिरवली. गुरगुर थांबली. खोली इतकी शांत कधीच नसायची.

"झाली खेप," ती म्हणाली. "आता कशासाठी थांबताय?"

बाबांनी हात उगारला. आयुष्यात कधी मारलं नव्हतं त्यांनी तिला. हात वर गेला आणि तिथंच थरथरायला लागला, बोटं, मनगट, खांदा, सगळंच. रागाचं थरथरणं नव्हतं ते. बाबांनाही ते कळलं असावं. त्यांनी हात खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाचा हात चुकून त्यांच्या अंगाला लागलाय.

मग ते उठायला गेले आणि गुडघ्यांनी दगा दिला.

दोघींनी काखेत हात घालून त्यांना व्हॅनपर्यंत नेलं. मागे रिकाम्या क्रेट्समध्ये आत्या बसली, बाबांचं डोकं मांडीवर घेऊन. दुकान उघडंच राहिलं, पाव घ्यायला आलेला एक माणूस "अहो, सुट्टे..." म्हणत फुटपाथवर उभाच राहिला.

ठिणगी गाडी चांगली चालवायची, पण त्या दिवशी तिनं ती वाईट चालवली. सिग्नलला पुढच्या गाडीवर हॉर्न, वळणावर क्रेट्स इकडून तिकडे. एरवी आत्यानं शिव्यांची लाखोली वाहिली असती. आज ती नुसती बाबांचं डोकं घट्ट धरून होती. आरशात ठिणगीला तिचा चेहरा दिसत होता.

"ताई," बाबा म्हणाले. "हिला शाळेत कोण सोडणार? उशीर झाला."

"कुणाला रे?"

"ठिणगीला. दप्तर घरीच राहिलं तिचं."

आत्यानं मान वर केली. तिचे आणि ठिणगीचे डोळे आरशात भेटले. "पोरी," आत्या हळू आवाजात म्हणाली, "जोरात घे."

इमर्जन्सीच्या खोलीत खुर्च्या भरल्या होत्या. पाय सुजलेला एक पेंटर, रडून दमलेलं पोर मांडीवर घेतलेली बाई, आणखी कोण कोण. काउंटरवरच्या माणसानं वर न बघता सांगितलं, "नंबर घ्या, बसा."

"यांची केमो चालू आहे. दुसरा आठवडा. हुडहुडी भरलीय, बोलणं घसरलंय, ताप गोळ्यांनी झाकलाय. आम्ही बसणार नाही."

तो माणूस वर बघून उठलाच. समोर डोक्यापासून पायापर्यंत मैद्यानं पांढरी झालेली मुलगी, मागे स्वेटरमधला टकला माणूस, त्याला कवेत धरून उभी असलेली म्हातारी. "केमो?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच चाकाची खुर्ची ओढत बाहेर आला. "वॉर्डातून फोन आला होता. चला, चला. बाजूला व्हा हो, पाय आत घ्या."

पेंटरनं सुजलेला पाय आत घेतला.

आत सगळं भराभर झालं. चष्मेवाली तरुण डॉक्टर, दोन सिस्टर. गोळ्यांचा असर उतरला होता. ताप एकशे दोनच्या वर. रक्तदाब इतका खाली की सिस्टरनं पट्टा दुसऱ्यांदा बांधून बघितला. दोन्ही हातांतून रक्त काढलं, सलाइन लावलं, आणि त्याच नळीतून अँटिबायोटिक सुरू केलं.

"रिपोर्ट यायच्या आधीच?" आत्यानं विचारलं.

"रिपोर्टची वाट बघितली तर रिपोर्ट येईल, आजी. पेशंट राहणार नाही." डॉक्टरनं बाबांची बाही वर सारली. "हे काय आहे?"

कोपराच्या खाली बोटभर लांबीचा चटका. कडेनं लाल, आणि त्या लालीची एक रेघ वर दंडाकडे निघालेली.

"ट्रेचा चटका," आत्या म्हणाली. "ते रोजचंच. आमच्यात चटक्याला कुणी जखम म्हणत नाही." तिनं स्वतःचा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या चट्ट्यांच्या आडव्या रेघा. ठिणगीच्याही हातावर त्याच. डॉक्टरनं दोघींचे हात बघितले.

"पण त्यात पू कुठं आहे?" ठिणगीनं विचारलं. "पिकला असता तर मला दिसला असता. मी रोज बघते त्यांच्याकडे."

"पू पांढऱ्या पेशींचाच होतो. पेशीच नसल्या तर जखम पिकत नाही. नुसती लाल होते, दुखते, आणि जंतू सरळ रक्तात जातात. दिसतं कमी, असतं जास्त." डॉक्टरनं सलाइनचा वेग वाढवला. "वेळेत आणलंत. पण अजून काही सांगत नाही मी."

बाबांना वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जायचं तर हात कोपरापर्यंत धुवायचे, मास्क लावायचा, एका वेळी एकच माणूस. आत्याला थोडा खोकला होता, तिला दारातूनच परत पाठवलं. तिनं सिस्टरशी भांडून बघितलं: "मैद्याचा खोकला आहे हा, सर्दीचा नाही! तीस वर्षं खोकतेय मी!" सिस्टर ढिम्म हलली नाही. मग आत्या काचेच्या पलीकडे खुर्ची टाकून बसली आणि तिथून खुणा करत राहिली. पाणी पाजलंस का? पांघरूण सरकलंय. तू जेवलीस का?

ठिणगीला एका जागी बसता येत नाही. कधीच आलं नाही. या खोलीत फेऱ्या मारायलाही जागा नव्हती. ती स्वतःला काम लावत गेली. कपाळावर ओलं फडकं, पाठ पुसणं, गुळण्या करायला लावणं, चटक्याची लाल रेघ डॉक्टरनं पेनानं आखलेल्या खुणेच्या पुढे गेली का ते बघणं. दुसऱ्या दिवशी रेघ खुणेच्या पुढे गेली. तिनं घंटा दाबली, आणि सिस्टर यायच्या आत दारात जाऊन हाकही मारली.

डॉक्टर आली, बघितलं, औषध बदललं. "हा जंतू जरा चिवट आहे."

"आम्हीपण," ठिणगी म्हणाली. तोंडातून निघून गेलं. मग ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि मास्कच्या आतच रडून घेतलं. मास्क ओला झाला म्हणून नवीन मागितला. सिस्टरनं दोन दिले.

नव्या औषधानंतर दिवसभर ताप येत-जात राहिला. मग एका सकाळी आलाच नाही. बाबांनी डोळे उघडले, खोली नीट बघितली, आणि ताप चढल्यापासून पहिल्यांदाच समोरच्या ठिणगीला ओळखून हाक मारली.

"ऑर्डर गेली?"

"गेली. हॉस्टेलवाल्यांनी दुसरीकडून पाव घेतले."

"शरम नाही वाटत तुला?"

"वाटते. पाणी पिणार?"

पाणी प्यायले. डॉक्टर येऊन गेली. पेशी वर चढतायत, म्हणाली, थोड्या दिवसांनी घरी जाता येईल, पुढची केमो जरा लांबवू आणि तिच्यानंतर पेशी वाढवायचं इंजेक्शनही देऊ. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ती गेल्यावर म्हणाले, "पुढची नको."

"काय नको?"

"केमो. पुरे झालं. गाठी असू देत. त्यांना घेऊन जगेन थोडे दिवस. या औषधानं जवळजवळ मारलंच होतं मला."

ठिणगी उठून उभी राहिली. मास्कवर फक्त तिचे डोळे दिसत होते, आणि तेवढे पुरेसे होते. "औषधानं पेशी पाडल्या. चटका कुणी लपवला? गोळ्या कुणी खाल्ल्या? थरथरत पोत्यावर कोण बसलं होतं, मीठ घातलंस का, मीठ घातलंस का करत? गाठी कमी झाल्यात, ते डॉक्टरनं सांगितलं तेव्हा बहिरे होतात का तुम्ही?"

"आवाज खाली कर. दवाखाना आहे."

"नाही करणार! अर्ध्या तासाच्या पावासाठी तुम्ही..." काचेपलीकडे आत्या उभी राहिली होती.

बाबांनी नजर छताकडे नेली. "पावासाठी नव्हतं ते," ते म्हणाले. "सकाळपासूनच हुडहुडी भरत होती. कळत होतं मला. शेजारच्या खुर्चीवर बसायचा ना तो, केमोला, बस चालवणारा? सारखे विनोद सांगायचा. त्याला असाच ताप आला. आत घेऊन गेले. पुढच्या वेळी खुर्ची रिकामी. मला वाटलं, ताप कुणाला दिसलाच नाही तर आत नेणार नाहीत. गोळी घेतली की दिसत नव्हता."

ठिणगी खाली बसली. बस चालवणाऱ्याला तीही ओळखत होती. त्याचे विनोद फार वाईट असायचे.

"तो कधी आला होता इथं?" तिनं विचारलं. "ताप आल्या आल्या?"

"माहीत नाही. बायको म्हणत होती, तीन दिवस घरीच काढले."

सलाइनचे थेंब पडत होते.

"मला भीती वाटते," ठिणगी म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त. तरी मी खेप मोडली. परत वेळ आली तर परत मोडीन. तुम्हाला उचलून आणीन, शिव्या खाईन, पण आणीन. तुम्ही फक्त लपवू नका. एवढंच करा. बाकी सगळं मी करते."

बाबांनी भिंतीकडे तोंड वळवलं. ठिणगीनं रिकामा ग्लास उचलला आणि तो धुवायला बाहेर गेली. एकच ग्लास तिनं फार वेळ धुतला.

परत आली तेव्हा जाड आवाजाची सिस्टर पलंगाजवळ उभी होती, हातात डायरी. "पुढची केमो लांबवलीय. सोमवारची तारीख देऊ का?"

"सोमवारी मैदा येतो," बाबा म्हणाले.

"मैदा मुलगी उतरवून घेईल."

"ती पोती मोजत नाही, गाडीवाल्याशी भांडत बसते."

"मग मंगळवार?"

बाबांनी थोडा विचार केला. आवाज अजून बारीकच होता, पण शब्दांमध्ये धाप नव्हती. "मंगळवार चालेल. लिहा." मग दारात उभ्या असलेल्या ठिणगीकडे न बघताच म्हणाले, "त्याच्यानंतर दोन आठवडे मी भट्टीजवळ येणार नाही. आत्याला सगळं समजावून सांगावं लागेल, कधी टाकायचे, कधी काढायचे. गिऱ्हाइकांना सांगून ठेव, पहिले काही दिवस पाव जरा करपलेले मिळतील."

"सांगते," ठिणगी म्हणाली.